साकळणाऱ्या रक्ताची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, खेळतांना गुडघा फुटला, कीं प्रथम रक्त वाहूं लागतें आणि थोड्याच मिनिटांत तें आपोआप थांबतें, हा अनुभव तुम्हांपैकीं प्रत्येकास असेल. जखमेवर जी खपली धरते तिच्याकडे आपण फारसें लक्ष देत नाहीं. उलट ती खरवडून काढण्याचीच आपणांस घाई असते. परंतु हें आपोआप थांबणें शरीराच्या अत्यंत नाजूक व्यवहारांपैकीं एक आहे. शरीरांतील रक्त रात्रंदिवस पातळ राहून वाहत असलें पाहिजे. आणि रक्तवाहिनीची भिंत फुटतांच तें त्याच जागीं घट्ट झालें पाहिजे. पातळ राहण्यांत कसूर झाली, तर मेंदूची अथवा हृदयाची वाट बुजते. घट्ट होण्यांत कसूर झाली, तर लहानशी जखमही प्राणावर बेतते. शरीरांतील सर्वांत मोठी रक्तवाहिनी एकाएकीं फाटली असतां जी शस्त्रक्रिया तांतडीनें करावी लागते, तींत या दोन्ही संकटांशीं एकाच दिवशीं गांठ पडते. त्या वेळीं डॉक्टर रक्ताच्या साकळण्यावर नजर कशी ठेवतात, हें या लेखांत सांगावयाचें आहे. आरंभ मात्र एका साध्या कांचेच्या नळीपासून करूं.

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे तालुके, भाताचा व नागलीचा डोंगराळ मुलूख आहे. पावसाळ्यांत चिखलांत अनवाणी काम करणाऱ्या शेतकऱ्यास सर्पदंशाचें भय असतें. आपल्याकडील विषारी सापांपैकीं नाग व मण्यार यांचें विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालतें. घोणस व फुरसें यांचें विष मुख्यतः रक्तावर चालतें. असा रुग्ण रुग्णालयांत आला, कीं त्याच्या शिरेंतून सुमारें दोन मिलिलिटर रक्त काढून तें एका कोऱ्या, कोरड्या कांचेच्या नळींत ठेवतात आणि वीस मिनिटेंपर्यंत त्या नळीस कोणी हात लावीत नाहीं. वीस मिनिटें भरतांच नळी एकदांच कलती करितात. रक्त घट्ट बसलें असेल, तर तें जागचें हलत नाहीं. पाण्यासारखें वाहिलें, तर विषानें रक्ताची साकळण्याची शक्ति हरण केली असें समजून प्रतिविष देतात. पुढें कांहीं तासांच्या अंतरानें हीच परीक्षा पुन्हां घेतात. हिला वीज लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. घड्याळ व नळी एवढें साहित्य पुरतें.

या साध्या परीक्षेंत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, कीं घोणशीचें विष रक्त पातळ करतें असें आपण म्हणतों, पण वस्तुतः प्रकार उलट आहे. तें विष साकळण्याची क्रिया एकाच वेळीं सर्व शरीरभर सुरू करून देतें. त्यांत साकळण्याचें सगळें साहित्य व्यर्थ खर्चून जातें, आणि मग खऱ्या जखमेपाशीं लावावयास कांहींच शिल्लक राहत नाहीं. दुसरी गोष्ट नळीची. ती कांचेचीच असावी लागते, कारण परक्या पृष्ठभागाचा स्पर्श होतांच रक्तांतील कांहीं द्रव्यें जागीं होतात, आणि कांचेचा पृष्ठभाग या कामीं फार प्रभावी आहे. प्लास्टिकच्या नळींत, किंवा साबणानें धुतलेल्या नळींत हा स्पर्श नीट होत नाहीं, व निरोगी माणसाचें रक्तही पातळ राहून परीक्षा फसूं शकते. साहित्य खर्चून जाणें व परक्या पृष्ठभागाचा स्पर्श, या दोन्ही गोष्टींची गांठ पुढें मोठ्या शस्त्रक्रियेंत आपणांस पुन्हां पडावयाची आहे.

आतां साकळणें म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. रक्ताच्या एका थेंबांत लक्षावधि सूक्ष्म रक्तपट्टिका असतात. डेंग्यूच्या सांथींत ज्यांची मोजणी घरोघर ऐकूं येते, त्याच या प्लेटलेट. भिंत फाटली, कीं त्या प्रथम धावून जातात व त्या जागीं एकमेकींस चिकटतात. परंतु नुसता हा ढीग टिकत नाहीं; त्यास बांधून ठेवावयास दोरा लागतो. तो दोरा रक्तांत विरघळलेल्या फायब्रिनोजन नांवाच्या प्रथिनापासून निघतो. याखेरीज साकळविणारीं आणखी कित्येक प्रथिनें रक्तांत निद्रिस्त असतात. दिवाळींत एका पणतीवर दुसऱ्या चार लावाव्या व त्यांवर आणखी अनेक, त्याप्रमाणें एक प्रथिन जागें झालें, कीं तें पुढच्या अनेकांस जागें करतें. अखेर थ्रॉम्बिन नांवाचें द्रव्य तयार होतें, व तें फायब्रिनोजनाचे तंतू बनवितें. या तंतूंच्या जाळ्यांत रक्तपट्टिका व तांबड्या पेशी अडकून गुठळी होते. जखम भरूं लागल्यावर हीच गुठळी विरघळविणारें द्रव्यही शरीरांतच असतें. म्हणजे चार गोष्टी नीट असाव्या लागतात: वेळेवर आरंभ, पुरेसा दोरा, पुरेशा व कामसू पट्टिका, आणि गुठळीचें अकालीं न विरघळणें. शस्त्रक्रियागृहांत चौकशी चालते ती याच चार गोष्टींची.

हृदयांतून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. ती हृदयाच्या डाव्या कप्प्यापासून वर चढते, गळ्याखालीं कमानीसारखी वळते आणि छातींतून पोटांत उतरते. मोठ्या माणसाच्या शरीरांत रक्त सुमारें पांच लिटर असतें, व विश्रांतीच्या वेळींही हृदय मिनिटास जवळजवळ तेवढेंच रक्त या वाटेनें लोटीत असतें. महारोहिणीची भिंत तीन थरांची आहे. दीर्घकाळ वाढलेल्या रक्तदाबानें किंवा जन्मजात दौर्बल्यानें कधीं कधीं आंतला थर फाटतो. मग रक्त थरांच्या मध्यें शिरून भिंत उभी चिरीत जातें आणि एका वाहिनीच्या दोन वाटा होतात. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजीं, म्हणजे पानिपतच्या संग्रामाच्या सुमारें पावणेतीन महिने आधीं, एकाएकीं मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनीं शव तपासलें, तेव्हां महारोहिणीच्या आंतल्या थराला चीर व हृदयाभोंवतींच्या पिशवींत साकळलेलें रक्त आढळलें. या रोगाचें हें फार जुनें व स्पष्ट वर्णन होय.

चीर हृदयालगतच्या भागांत असेल, तर विलंब घातक होतो. उपचारावांचून पहिल्या दोन दिवसांत दर तासास शेंकडा एक ते दोन रुग्ण दगावतात, असें वैद्यकांत परंपरेनें शिकविलें जाई. अलीकडील नोंदींत हें प्रमाण कांहींसें कमी आढळलें आहे, तरी शस्त्रक्रियेची घाई कमी झालेली नाहीं. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं डॉ. मायकेल डीबेकी यांनीं १९५४ सालीं अशी फाटलेली महारोहिणी दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली. दैवयोग असा, कीं २००५ सालच्या अखेरच्या दिवशीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, त्यांची स्वतःचीच महारोहिणी फाटली. फेब्रुवारी २००६ मध्यें त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीच शस्त्रक्रिया त्यांच्यावर केली आणि ते पुढें दोन वर्षांहून अधिक जगले.

ही शस्त्रक्रिया करावयाची, तर हृदय थांबवावें लागतें. तेवढा वेळ रक्त शरीराबाहेर काढून, त्यांत प्राणवायु मिसळून, तें परत शरीरांत सोडण्याचें काम हृदय-फुप्फुस यंत्र करतें. डॉ. जॉन गिबन यांनीं ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें या यंत्राच्या साहाय्यानें पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. आपल्या प्रांतांतही हें शास्त्र लवकर रुजलें: मुंबईंत परळ येथील के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं फेब्रुवारी १९६८ मध्यें भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. रुग्ण थोडेच तास जगला; पण जगांतील पहिल्या हृदयारोपणास त्या वेळीं तीन महिनेही झाले नव्हते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या धाडसाची कल्पना येते.

येथें कांचेच्या नळीचा धडा आठवावा. या यंत्राच्या नळ्या व पडदे रक्तास सर्वस्वी परके आहेत. तसेंच सोडलें, तर रक्त यंत्रांत साकळून बसेल व रुग्ण तत्काळ दगावेल. म्हणून आधीं हेपॅरिन नांवाचें औषध देऊन रक्ताची साकळण्याची क्रिया हेतुपूर्वक रोखून धरावी लागते. या औषधाचा शोध विद्यार्थ्यांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९१६ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जे मॅक्लीन नांवाचा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या हाताखालीं रक्त साकळविणारीं द्रव्यें शोधीत होता. यकृतापासून काढलेल्या एका अर्कानें रक्त साकळेना. उलट तें पातळच राहूं लागलें. अपेक्षेविरुद्ध आलेला हा निकाल त्यानें टाकून न देतां पुन्हां पुन्हां तपासला. पुढें यकृताच्या ग्रीक नांवावरून या जातीच्या द्रव्यास हेपॅरिन हें नांव पडलें. काम आटोपल्यावर हेपॅरिनचा प्रभाव उतरविण्यासाठीं प्रोटॅमिन हें दुसरें औषध देतात. तें मूळ सामन माशाच्या शुक्रद्रव्यापासून मिळालेलें आहे.

परंतु हेपॅरिन पुरेसें झालें हें कळावयाचें कसें? एकच मात्रा दोन माणसांत सारखा परिणाम करीत नाहीं. म्हणून पुन्हां नळीच उपयोगीं पडते. १९६६ सालीं डॉ. पॉल हॅटर्स्ली यांनीं सुचविलेल्या परीक्षेंत, एका विशिष्ट मातीची पूड घातलेल्या कोमट नळींत ताजें रक्त घेऊन तें किती सेकंदांत साकळतें हें मोजतात. पुडीच्या असंख्य कणांचा स्पर्श झाल्यामुळें वीस मिनिटें थांबावें लागत नाहीं. निरोगी रक्त सुमारें १०० ते १३० सेकंदांत साकळतें. हृदय-फुप्फुस यंत्र सुरू करण्यापूर्वीं हा काळ बहुतेक ठिकाणीं ४०० ते ४८० सेकंदांच्या वर नेतात, आणि यंत्र चालू असेपर्यंत साधारणतः दर अर्ध्या तासानें परीक्षा पुन्हां घेतात. काळ घटला, तर हेपॅरिन वाढवितात. शेवटीं प्रोटॅमिन दिल्यावर काळ पूर्ववत् झाला, हेंही याच परीक्षेनें पाहतात. प्रोटॅमिन अंदाजानें अधिक देऊन चालत नाहीं, कारण तें प्रमाणाबाहेर झालें तर स्वतःच साकळण्यास आड येतें.

नेहमींच्या शस्त्रक्रियेंत एवढ्यानें बहुधा भागतें. फाटलेल्या महारोहिणीच्या वेळीं भागत नाहीं, कारण रक्त न साकळण्याचीं कारणें येथें एकावर एक रचलेलीं असतात. थरांच्या मधल्या खोट्या वाटेंत शिरलेलें रक्त तेथें साकळूं लागतें, व घोणशीच्या विषाप्रमाणेंच, जरी तितक्या वेगानें नसलें तरी, साहित्य खर्चून टाकतें. यंत्र भरून ठेवण्यासाठीं लिटर-दीड लिटर द्रव लागतो, त्यानें उरलेलें रक्त आणखी विरळ होतें. कमान दुरुस्त करतांना कांहीं वेळ शरीराचें रक्ताभिसरणच बंद करावें लागतें. मेंदूला इजा होऊं नये म्हणून शरीर बहुधा १८ ते २८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करितात, आणि थंडींत साकळविणारीं प्रथिनें व पट्टिका दोन्ही मंद होतात. याशिवाय, महारोहिणी फाटल्याची वेदना हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असल्यानें पुष्कळ रुग्णांस आधींच अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळी मिळालेली असते. सेकंदांचा एक आंकडा यांपैकीं कोणतें कारण प्रबळ आहे हें सांगूं शकत नाहीं. शस्त्रवैद्यापुढें टांक्यांटांक्यांतून रक्त पाझरत असतें, आणि डोळ्यांना तें सगळें सारखेंच दिसतें.

यासाठीं जें यंत्र उपयोगीं पडतें त्याचें मूळ तत्त्व जर्मनींतील हायडेलबर्ग येथें डॉ. हेल्मुट हार्टर्ट यांनीं १९४८ सालीं मांडलें. दहीं लागलें कीं नाहीं हें पाहावयास आपण भांडें हळूच हलवून पाहतों, येथेंही तसेंच. एका लहानशा पेल्यांत रक्त घेऊन त्यांत एक बारीक खुंटी सोडतात, आणि पेला मंदपणें मागेंपुढें फिरवितात. रक्त पातळ आहे तोंवर खुंटी स्थिर राहते व कागदावर सरळ रेघ उमटते. तंतू धरूं लागले, कीं पेल्याबरोबर खुंटीही ओढली जाते व रेघेच्या दोन फांद्या होऊन त्या एकमेकींपासून दूर सरतात. गुठळी जितकी बळकट, तितकें हें अंतर मोठें. गुठळी विरघळूं लागली, कीं फांद्या पुन्हां जवळ येतात. आतांचीं यंत्रें निरनिराळ्या घडणीचीं आहेत आणि रेघ पडद्यावर उमटते. परंतु विचारावयाचा प्रश्न तोच आहे. प्रयोगशाळेंतील नेहमींच्या तपासणीस पाऊण तास किंवा अधिकही लागूं शकतो. या आकृतीवरून पहिल्या दहापंधरा मिनिटांतच पुष्कळसा उलगडा होतो.

ती आकृति वाचण्याची रीति मोठी तर्कशुद्ध आहे. एकाच रक्ताचे निरनिराळे पेले लावतात. एका पेल्यांत हेपॅरिन नष्ट करणारें द्रव्य घालतात, दुसऱ्यांत घालीत नाहींत. पहिल्यांत रक्त लवकर साकळलें व दुसऱ्यांत उशिरा, तर हेपॅरिन उरलें आहे, आणखी प्रोटॅमिन द्यावें. हेपॅरिन नष्ट करूनही आरंभास विलंब लागला, तर साकळविणारीं प्रथिनें कमी पडलीं, म्हणून रक्तद्रव द्यावा. आरंभ वेळेवर पण गुठळी अशक्त, तर दोरा कमी आहे कीं पट्टिका? त्यासाठीं तिसऱ्या पेल्यांत पट्टिकांचें काम बंद पाडणारें द्रव्य घालून नुसत्या दोऱ्याचें बळ पाहतात. दोरा कमी असेल, तर फायब्रिनोजन देतात. तो पुरेसा असून गुठळी अशक्त असेल, तर पट्टिका देतात. गुठळी होऊन लवकर विरघळत असेल, तर ट्रॅनेक्झॅमिक आम्ल देतात, ज्याचा शोध १९६२ सालीं जपानांत ओकामोटो दांपत्यानें लावला. आणि सर्व आकृति निर्दोष असूनही रक्त वाहत असेल, तर दोष बहुधा रक्तांत नसून शिवणींत आहे. शस्त्रवैद्यानें तेथें आणखी एक टांका घालावा. मात्र एक सावधगिरी हवी: पेला सहसा ३७ अंशांवर ठेवलेला असतो, म्हणून थंड शरीरांतील मंदपणा त्यांत दिसत नाहीं. तापमापकाकडे वेगळें पाहावेंच लागतें.

इतकी चौकशी न करितां सर्व कांहीं भरपूर दिलें तर काय बिघडेल, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें, कीं अनावश्यक रक्तद्रव्यांनीं फुप्फुसांस इजा होऊं शकते, आणि गरजेहून अधिक साकळविल्यास नव्या शिवणींत किंवा मेंदूच्या वाहिनींत गुठळी बसूं शकते. शिवाय रक्त कारखान्यांत तयार होत नाहीं. प्रत्येक पिशवी कोणा माणसाच्या दंडांतून आलेली असते. पट्टिका तर साधारण पांचच दिवस टिकतात. मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ सालीं जो ‘बाँबे’ रक्तगट जगापुढें मांडला, तो आपल्या देशांत सुमारें दहा हजारांत एका माणसाचा असतो, व त्याला त्याच गटाच्या तांबड्या पेशी चालतात. अशा रुग्णाच्या बाबतींत वाया गेलेल्या एका पिशवीचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको.

पालकांसाठीं यांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. छातींत किंवा पाठींत एकाएकीं, कांहीं फाटल्यासारखी असह्य वेदना उठली, तर ती पित्ताची म्हणून घरीं दवडूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. नाशिकहून मुंबई सुमारें १७० किलोमीटर आहे, आणि पुढें न्यावें लागलें तर वाटेंतला प्रत्येक तास हिशेबांत धरावा लागतो. दुसरें असें, कीं रुग्ण रोज कोणत्या गोळ्या घेतो आणि वेदना सुरू झाल्यावर त्यास काय दिलें, हें चिठ्ठीवर लिहून बरोबर न्यावें. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम पट्टिकांवर त्यांच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, राहतो. आणि वर सांगितलेल्या नेहमींच्या आकृतींत तो बहुधा उमटत नाहीं. जें पेला सांगत नाहीं, तें घरच्या माणसाची चिठ्ठी सांगूं शकते.

विद्यार्थ्यांनो, आपल्याच शहरीं १९९८ सालीं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें, आणि तुम्हांपैकीं कांहींजण पुढें त्याच्या परीक्षांस बसतील. त्या वेळीं नवीं यंत्रें आलेलीं असतील व आजचीं अडगळींत पडलेलीं असतील. परंतु पेठच्या रुग्णालयांतील कांचेची नळी घ्या किंवा मुंबईच्या शस्त्रक्रियागृहांतील फिरता पेला घ्या, दोहोंत डॉक्टर एकच गोष्ट करीत असतो: अंदाजावर औषध न देतां तो आधीं रक्तालाच विचारतो, उत्तर येईपर्यंत धीर धरतो, आणि औषध दिल्यावर पुन्हां विचारतो. जीव वांचविण्याची घाई असतांना हा धीर धरणें फार कठीण आहे, आणि म्हणूनच तो विद्यार्थिदशेंतच अंगीं बाणवावा लागतो.